बकेटबाईंचा बुके आणि आमची काकू

आमच्या काकूकडे लँडलाइन होता तेव्हाची गोष्ट. काकू मूळची बार्शीकडची, लग्न होऊन पुण्यात आलेली, घरात बोलताना "आगं त्ये पातेलं हिकडं दे की" अशी, पण फोन वाजला की उठून रिसीव्हरपर्यंत जायच्या चार पावलांत बाईचं अख्खं गाव बदलायचं. "हॅलो, आपण कोण बोलताय?" सगळे ण जागच्या जागी, "हो का, अगदी अगदी" वगैरे, आणि आम्ही पोरं आतल्या खोलीत तोंडात उशी कोंबून हसायचो. फोन ठेवला की परत "कोन मेलं हसतंय गं आत?"

२०११ ला मी नोकरीसाठी लीड्सला आले. पहिला हिवाळा, चार वाजता काळोख, ओळखीचं कुत्रंही नाही, मग काय, टीव्ही. एका चॅनलवर जुन्या सिरियल रिपीट व्हायच्या त्यात एक दिवस 'कीपिंग अप अपीअरन्सेस' लागली. हायसिंथ नावाची बाई, आडनाव बकेट, म्हणजे चक्क बादली, पण बाईंचं म्हणणं की त्याचा उच्चार 'बुके' असा करायचा. पांढराशुभ्र फोन वाजतो आणि ती आवाज बदलून म्हणते, "द बुके रेसिडेन्स, द लेडी ऑफ द हाउस स्पीकिंग." मी सोफ्यावरून उडालेच. काकू!

नंतर मी त्या सिरियलचे सगळे भाग बघितले (१९९० ते ९५ चे आहेत, पॅट्रिशिया रटलेज या बाईने कमाल काम केलंय). हायसिंथकडे हाताने रंगवलेल्या फुलांचे रॉयल डॉल्टनचे कप आहेत, ते पाहुण्यांना दाखवायचा तिला एवढा सोस की शेजारीण घाबरून कॉफी सांडते. आणि तिची बहीण डेझी आणि मेव्हणा ऑन्स्लो, हा बनियनवर बसलेला असतो, बियर पितो, टीव्हीला थोबाडीत मारली की तो चालू होतो, अंगणात मोडकी गाडी आणि त्या गाडीत कुत्रा. आता मला वाटलं होतं की हसायचं ऑन्स्लोला. पण तसं नाहीये. ऑन्स्लो मजेत असतो, त्याला कुणाकडून काही नको असतं, प्रेक्षकाला तो आवडतो. हसायचं ते हायसिंथला, कारण ती आपली पायरी सोडून वरच्या पायरीवर उभी राहायला बघते.

हे एकदा डोक्यात बसलं आणि मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. (आपल्याकडे क्लास म्हणजे ट्यूशन, इथे क्लास म्हणजे जन्माला चिकटलेली गोष्ट, हे कळायलाच मला दोनतीन वर्षं गेली.) १९६६ चं बीबीसीवरचं एक छोटं स्किट आहे, फ्रॉस्ट रिपोर्ट या कार्यक्रमातलं, तीन माणसं ओळीत उभी. सगळ्यात उंच जॉन क्लीज, डोक्यावर बोलर हॅट, मध्ये रॉनी बार्कर आणि शेवटी बुटका रॉनी कॉर्बेट, कामगाराची टोपी घातलेला. उंच म्हणतो मी याच्याकडे खाली बघतो, मधला म्हणतो मी त्याच्याकडे वर आणि याच्याकडे खाली बघतो, आणि बुटका म्हणतो, "आय नो माय प्लेस." मला माझी जागा माहीत आहे. एवढंच. आता वाटतं अर्ध्या ब्रिटिश कॉमेडीचं गणित त्या एका वाक्यात आहे.

डेल बॉयचं बघा. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस', लंडनच्या पेकममधला फुटकळ माल विकणारा, तीन चाकांची पिवळी व्हॅन, चुकीचं फ्रेंच फेकणारा, आणि कायम "पुढच्या वर्षी या वेळेला आपण करोडपती". १९८९ च्या एका भागात तो भारी कोट घालून वाइन बारमध्ये जातो, श्रीमंतासारखा ऐटीत बार काउंटरला टेकायला जातो आणि नेमकी तिथली फळी कुणीतरी उचललेली असते, त्यामुळे तो सरळ आडवा पडतो. इथे कुणालाही विचारा टीव्हीवरचा सगळ्यात मोठा हशा कुठला, बरेच जण हा प्रसंग सांगतील. म्हणजे हशा कुठे, तर गरीब माणूस श्रीमंताचं सोंग घेऊन नेमका त्याच क्षणी पडतो तिथे. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांनी डेलला आणि त्याच्या भावाला खरंच करोडपती केलं, एक जुनं घड्याळ लिलावात जातं, २ कोटी ४३ लाख लोकांनी तो भाग बघितला. छान, संपलं ना? नाही. २००१ मध्ये परत आणलं, सगळे पैसे बुडाले असं दाखवून, आणि पुन्हा पेकममध्ये. जागा!

मला पेकम आवडतं हो, डेल बॉय पण आवडतो, तक्रार त्याच्याबद्दल नाहीये.

सोप ऑपेरांमध्ये तर जागा बदलायचा प्रश्नच नाही. 'कॉरोनेशन स्ट्रीट' १९६० पासून आणि 'ईस्टएंडर्स' १९८५ पासून चालूय, एक मँचेस्टरकडची, एक पूर्व लंडनमधली. सगळे त्याच पबमध्ये, तेच भांडतायत, आणि ईस्टएंडर्समध्ये वॉशिंग मशीन जणू कुणाच्याच घरी नाही कारण कपडे धुवायला लाँड्रेटमध्ये गेल्याशिवाय गॉसिप कसं होणार. गंमत म्हणजे ज्या हॅकनीमधल्या चौकावरून ईस्टएंडर्समधला अल्बर्ट स्क्वेअर बेतलाय तिथे आज घर घ्यायचं म्हटलं तर सिरियलमधल्या एकालाही परवडणार नाही. टीव्हीवरचा ईस्ट एंड तिथेच थांबलाय आणि खरा कधीच पुढे निघून गेला.

आणि वरच्यांचं काय, तर 'डाउनटन अ‍ॅबी'. हवेलीतले उमराव आणि त्यांचे नोकर यांची ही सिरियल २०१० ला सुरू झाली होती, मी इथे आले तेव्हा ऑफिसमधल्या सगळ्या बायका तेच बोलायच्या, मीही बघितली, हायक्लीअर कॅसल काय सुंदर आहे! वर लॉर्ड चांगला, खाली बटलर चांगला, स्वयंपाकीण प्रेमळ, एक तो ब्रॅन्सन ड्रायव्हर लॉर्डच्या मुलीशी लग्न करून वर येतो तेवढाच अपवाद. लिहिणारे ज्युलियन फेलोज २०११ ला स्वतःच लॉर्ड झाले, टोरी म्हणजे हुजूर पक्षाकडून. आता त्यांच्या नोकरांना कशाला राग येईल.

पण मग २०१४ मध्ये एक उलटीच गोष्ट बघितली. चॅनल ४ वर 'बेनिफिट्स स्ट्रीट', बर्मिंगहॅममधल्या विन्सन ग्रीनची जेम्स टर्नर स्ट्रीट, सरकारी भत्त्यावर जगणारी खरी माणसं. सरकार भत्ते कापत होतं तेच हे दिवस. नंतर तिथले लोक म्हणाले की आम्हाला तर सांगितलं होतं गल्लीतल्या एकोप्याबद्दल फिल्म करतोय. तक्रारींचा ढीग पडला, टीव्हीवर देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने म्हटलं नियमभंग नाही. सकाळच्या टीव्हीवर तेव्हा जेरेमी काइल पण होता, गरीब घरातली भांडणं स्टेजवर आणून ओरडायचा, एका जजने कोर्टात त्याला अस्वलांवर कुत्री सोडायच्या खेळाची उपमा दिली होती, तरी तो २०१९ पर्यंत चालला, एका पाहुण्याच्या मृत्यूनंतर बंद झाला. तर मला हे कळेना, की कॉमेडीत वर चढायला बघणारा मूर्ख, आणि डॉक्युमेंटरीत वर न चढलेला आळशी. मग करायचं काय त्या माणसाने?

आमच्या शेजारी एक प्लंबर राहायचे. माझ्याहून नक्कीच जास्त कमावायचे, स्पेनमध्ये फ्लॅट, पण ते स्वतःला वर्किंग क्लासच म्हणायचे, अभिमानाने. बेनिफिट्स स्ट्रीटबद्दल सगळ्यात जास्त शिव्या त्यांनीच घातल्या, आणि त्या चॅनलला नाही हं, त्या गल्लीतल्या लोकांना. मला धक्का बसला होता. आता कमी बसतो, आपल्याकडेही चाळ सोडून दोन बीएचकेत गेलेलाच माणूस चाळीबद्दल सगळ्यात वाईट बोलतो.

मासिकांचं शास्त्र वेगळंच. सुपरमार्केटच्या एकाच शेल्फवर 'कंट्री लाइफ' आणि 'टेक अ ब्रेक' असतात आणि उचलणारी माणसं एकमेकांकडे बघतही नाहीत. कंट्री लाइफ १८९७ पासूनचं, उघडलं की आधी पानंच्या पानं हवेल्यांच्या जाहिराती, मग एका खानदानी मुलीचा पानभर फोटो, मग कुत्री, बागा, जुनं लाकूड. २०१३ ला आत्ताच्या राजाने, तेव्हा प्रिन्स होते, त्याचा एक अंक संपादित केला होता. टेक अ ब्रेकमध्ये शब्दकोडी, बक्षिसं आणि "माझ्या नवऱ्याने माझ्याच बहिणीशी" छापाच्या खऱ्या गोष्टी, ज्या लोक पैसे घेऊन सांगतात. 'हॅलो' या दोघांच्या मध्ये कुठेतरी, फुटबॉलपटू आपल्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सोफ्यावर बसलेला. आणि तो सोफा नवा आहे हीच गोची. खरे वरचे लोक भोकं पडलेला स्वेटर घालतात, सोफ्यावर कुत्र्याचे केस. मायकल हेसेल्टाइन एवढा मोठा मंत्री, पण त्याच्याच पक्षातल्या एकाने त्याच्याबद्दल म्हटल्याचं अ‍ॅलन क्लार्क या दुसऱ्या मंत्र्याने डायरीत लिहून ठेवलंय, की याला आपलं फर्निचर स्वतः विकत घ्यावं लागलं. म्हणजे आजोबांकडून आलं नाही! हे वाचून मी आमच्या आयकियाच्या टेबलाकडे जरा वेळ बघत बसले.

१९५५ मध्ये लेखिका नॅन्सी मिटफर्डने 'एन्काउंटर' मासिकात लेख लिहून वरच्यांचे शब्द कुठले आणि बाकीच्यांचे कुठले हे जगजाहीर केलं, तेव्हा म्हणे घराघरात धाबे दणाणले. सर्व्हिएट म्हणालात की गेलात, नॅपकिन म्हणायचं. पार्डन म्हणालात तर गेलात, खानदानी माणूस सरळ "व्हॉट?" म्हणतो. टॉयलेट तर नाहीच नाही. आणि आम्ही! आमच्या घरात संडासचं टॉयलेट करायला एक पिढी गेली, टॉयलेटचं वॉशरूम करायला दुसरी, आणि इथे आल्यावर कळतं की जिना उलटा होता. सभ्य दिसायला वापरलेला शब्दच तुम्हाला पकडून देतो.

इथे आडनाव विचारून अंदाज घ्यायची गरज पडत नाही, तोंड उघडलं की पुरतं. आमच्या जवळच्याच हॅलिफॅक्सचा विल्फ्रेड पिकल्स, त्याला बीबीसीने दुसऱ्या महायुद्धात बातम्या वाचायला बसवलं, उत्तरेच्या लोकांना तो शेवटी गुड नाइटऐवजी त्यांच्या बोलीत "गुड नीट" म्हणायचा, तर लोकांनी तक्रारी केल्या की या बोलीत बातमी खरी वाटत नाही. मला हे वाचताना पुण्यातला कॉलेजचा पहिला महिना आठवला. मी वर्गात "पानी" म्हटलं होतं. पुढचं सांगत नाही.

मग आपण कुठे बसतो या सगळ्यात? खूप वर्षं टीव्हीवर बाहेरच्या माणसाला क्लासच नव्हता, फक्त देश होता. 'माइंड युवर लँग्वेज' आठवते ना, परदेशी लोकांच्या इंग्रजी वर्गावरची, १९७७ ची, आपल्याकडे तिच्यावरून 'जबान संभाल के' आली. इंजिनियर असो की हमाल, इंडियन म्हणजे मान हलवणार, एकच जोक. चॅनलच्या एका अधिकाऱ्याला ती अपमानास्पद वाटली म्हणून १९७९ ला बंद केली. २००३ मध्ये ईस्टएंडर्सने भारतीय कुटुंब आणलं, आडनाव फरेरा. बाप आपला दलीप ताहिल, पोरांची नावं आदी, रॉनी, करीना, आणि जवळचा तारिक, तो पुढे सावत्र भाऊच निघतो. हिंदू की मुसलमान की गोव्याचे ख्रिश्चन, काही पत्ता नाही, बहुतेक लिहिणाऱ्यांनाही नव्हता. टीका झाली, २००५ पर्यंत सगळं कुटुंब गायब. स्विंडनमध्ये खरे गोंयकार हजारोंनी राहतात, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, गोदामांत आणि कारखान्यांत राबतात. तिथली माझी एक मैत्रीण म्हणते, आमचं आडनाव चोरलं, निदान एक फिश करी तरी दाखवायची होती.

खरी मजा आणली ती 'गुडनेस ग्रेशस मी'ने, १९९८. सगळ्यांना आठवतं ते देशी टोळकं इंग्लिश हॉटेलात जाऊन सगळ्यात बेचव डिश मागवतं ते स्किट, पण मला आवडतात ती दोन जोडपी, कपूर झाले कूपर आणि रवींद्रनाथ झाले रॉबिन्सन, आणि आम्ही अस्सल इंग्रज म्हणून एकमेकांवर कडी करतायत. म्हणजे परत बकेटचं बुकेच. फक्त यावेळी हसवणारेही आपले होते, त्यामुळे की काय, ते कमी टोचतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात काकू लीड्सला आली. गुडघे दुखत होते, बाहेर पाऊस, म्हणून मी मुद्दाम, जरा खोडसाळपणानेच, हायसिंथ लावली. म्हटलं बघूया स्वतःला ओळखते का. इंग्रजी तिला फारसं कळत नव्हतं, मी मध्ये मध्ये सांगत होते, बादली आणि बुके वगैरे. फोनचा सीन आला. मी हसले. काकू हसली नाही.

"घर बघ कसं आरशावानी ठिवलंय," ती म्हणाली, "आन लोकं हिला हसत्यात?"

मी म्हटलं, अगं ती नाटकं करते म्हणून.

"करंल न्हाई तर काय. मी पुन्याला आले तवा तुझ्या दादाच्या शाळेत फोन केल्ता. त्या बाईनं माझं बोलनं ऐकलं आन म्हनली, घरात कोनी शिकलेलं आसंल तर त्याला द्या फोन." मग ऑन्स्लोकडे बोट दाखवून, "ह्यो बनेलवाला काय काम करतो?"

काही नाही करत, म्हटलं.

"मंग त्याला हसा की," काकू म्हणाली, आणि पाय वर घेऊन बसली. "लाव पुढचं."