तुम्ही विचारलंत म्हणून: डार्ट्सवर पोट भरतं का?

हा प्रश्न पालक विचारतात, मुलं विचारतात, ज्यांना स्वतः कधी ओकीवर (डार्ट फेकायच्या रेघेवर) उभं राहायचं नाही तेही विचारतात. पुढची शंका बहुतेक जण बोलून दाखवत नाहीत, पण ती ऐकू येतेच: एका जागी उभं राहून कोपरापासून पुढचा हात तेवढा हलवायचा, याला व्यवसाय कसं म्हणायचं? दोन्हींचं उत्तर आज एकदाच नीट देतो. दर वेळी तीन डार्ट टाकत ५०१ वरून खाली यायचं आणि शेवट डबलवर, म्हणजे बोर्डाच्या बाहेरच्या दुप्पट गुणांच्या पट्टीवर, करायचा, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी पैसा. जानेवारी २०२६ मध्ये ल्यूक लिटलरला जागतिक विजेतेपदाचे दहा लाख पौंड मिळाले. तो आकडा वाचून लोक माझ्याकडे येतात. त्या आकड्याखालची रचना मात्र कुणी विचारत नाही. पीडीसी ही व्यावसायिक डार्ट्स चालवणारी संस्था. तिच्या दौऱ्यावर जागा १२८. जागा म्हणजे टूर कार्ड. ते मिळवायला जानेवारीतल्या क्यू-स्कूलमध्ये, म्हणजे पात्रता स्पर्धेत, उतरावं लागतं. मिळालं की दोन वर्षं टिकतं. दोन वर्षं संपताना क्रमवारीत पहिल्या ६४ मध्ये असाल तर ते राहतं, नाहीतर बहुतेकांना पुन्हा क्यू-स्कूलचं दार ठोठवावं लागतं.

ही क्रमवारी म्हणजे मागच्या दोन वर्षांत जिंकलेल्या बक्षिसांची बेरीज. दोन वर्षांपूर्वीची रक्कम त्या त्या स्पर्धेची वेळ आली की गळून पडते. मायकेल स्मिथ २०२३ चा जगज्जेता. त्याचे पाच लाख पौंड दोन वर्षांनी गळाले, त्याच वेळी तो जागतिक स्पर्धेतून लवकर बाहेर पडला, आणि जगातल्या पहिल्या दहांतलं त्याचं स्थान गेलं. त्याचा हात काही एका रात्रीत बिघडला नव्हता. एवढी एक गोष्ट समजली तरी या व्यवसायातली निम्मी चिंता समजेल.

रोजची कमाई प्लेअर्स चॅम्पियनशिप नावाच्या स्पर्धांतून होते. २०२५ मध्ये अशा ३४ झाल्या. सभागृहात ओळीनं बोर्ड लावलेले, १२८ खेळाडू, एका दिवसात निकाल. पहिली फेरी सहा लेग (५०१ चे डाव) आधी जिंकण्याची. त्या वर्षी विजेत्याला १५ हजार पौंड होते, पण त्यासाठी त्या एका दिवसात सलग सात सामने जिंकायला हवेत. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण मात्र भरावंच लागतं. म्हणून खालच्या फळीतले कितीतरी जण नोकरी सांभाळून खेळतात. तेव्हा पोट भरतं का, तर वरच्यांचं उत्तम भरतं, मधल्यांचं भरतं पण झोप उडवून, आणि खालच्यांना त्यांच्या घरचे सांभाळतात. यात मी काही लपवत नाही.

यावर कुणीतरी रॉब क्रॉसचं नाव काढतोच. वायरमनचं काम करणारा माणूस, २०१७ च्या सुरुवातीला टूर कार्ड मिळालं आणि १ जानेवारी २०१८ ला फिल टेलरला ७-२ हरवून जगज्जेता. खरं आहे. पण मग पीटर राइटचंही नाव घ्या. तो १९९५ मध्ये जागतिक स्पर्धेत खेळला आणि पहिल्या फेरीत हरला. मधे अनेक वर्षं त्यानं खेळ बाजूला ठेवला, आणि जगज्जेता झाला तो २०२० मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी. मुलाला क्रॉसचं उदाहरण देणाऱ्यांनी राइटच्या पंचवीस वर्षांचाही हिशेब द्यावा.

आता ‘नुसता हात हलवायचा’ याबद्दल. ओकीपासून बोर्डाचं अंतर २.३७ मीटर, बुलची, म्हणजे बोर्डाच्या मधल्या ५० गुणांच्या ठिपक्याची, उंची १.७३ मीटर. हात पुढे गेलेला असतो, त्यामुळे सुटलेल्या डार्टला प्रत्यक्षात साधारण १.८ मीटर जायचं असतं. डबलची पट्टी ८ मिलिमीटर रुंद. मध्यावर नेम धरलात तर वर-खाली चार-चार मिलिमीटरची मुभा, म्हणजे सुटताना कोनात अंशाच्या सातव्या-आठव्या भागाएवढा फरक चालतो. पूर्ण एक अंश चुकला तर डार्ट तीन सेंटिमीटर लांब. आणि कोन बरोबर असूनही वेग कमी पडला तर डार्ट खाली उतरतो. बोर्डाच्या वरच्या टोकाला असलेल्या डबल २० वर तो पट्टीच्या आत सिंगलमध्ये (साध्या गुणांच्या भागात) बसतो. खालच्या टोकाच्या डबल ३ वर पट्टीच्या बाहेर जातो आणि शून्य मिळतं.

साहित्यानं यातलं थोडंच सुधारतं. नियमानं डार्ट ५० ग्रॅमपर्यंत चालतो, पण बहुतेक जण २० ते २६ ग्रॅमचा टंगस्टनचा वापरतात. टंगस्टन घ्यायचं कारण चकाकी नव्हे. जड धातू असल्यानं तेवढ्याच वजनाचं बॅरल (डार्टचा धरायचा भाग) बारीक होतं, आणि ८ मिलिमीटरच्या ट्रेबलमध्ये (तिप्पट गुणांच्या पट्टीत) तीन बारीक बॅरल शेजारी मावतात. शेपूट वर करून बसलेला डार्ट आणि शेपूट खाली लोंबणारा डार्ट यांत दुसऱ्या डार्टला मिळणारी वाट वेगळी असते. पहिला डार्ट ट्रेबल २० च्या तोंडावर आडवा बसला की शहाणा खेळाडू हट्ट न करता १९ वर उतरतो. शाफ्ट (बॅरलमागची काडी) आखूड-लांब करून आणि फ्लाइट (शेपटीचं पंख) मोठं-लहान करून हा बसण्याचा कोन जुळवायचा असतो. एका वेळी एकच भाग बदलावा. दोन बदलले की गुण कशानं वाढले किंवा घटले ते कळत नाही.

पण व्यवसाय उभा राहतो तो डबलवर आणि डबलच्या आधी काय शिल्लक ठेवलं त्यावर. ३२ सगळ्यांना का आवडतो? डबल १६ हुकून आत पडला, सिंगल १६ झाला, तर १६ उरतात, म्हणजे डबल ८. तोही आत पडला तर डबल ४, मग २, मग १. प्रत्येक वेळी दुसरा डबल तयार. ४० वर हे दोनदाच चालतं: २०, १०, आणि मग ५ उरले की एक डार्ट विषम आकडा फोडण्यात जातो. ४ शिल्लक राहिले तर डबल २, आणि त्याच्या दोन्ही अंगांना १५ आणि १७. जरा बाजूला सरकलं की बस्ट, म्हणजे त्या वेळच्या तिन्ही डार्टांचे गुण रद्द. २०२४ च्या अंतिम सामन्यात सोळा वर्षांचा लिटलर सेटांमध्ये (सेट म्हणजे काही लेगांचा गट) ४-२ ने पुढे होता, ५-२ करायला डबल २ वर एक डार्ट होता, तो हुकला. ल्यूक हम्फ्रीजनं पुढचे पाचही सेट घेतले, ७-४. लोक ‘मुलगा घाबरला’ म्हणून मोकळे झाले. त्याला उभं कोणत्या आकड्यावर राहावं लागलं होतं, ते कुणी पाहिलं नाही.

याच मुद्द्यावर मला १९८३ च्या एका डार्टबद्दल बोलायचं आहे, कारण ‘यात करिअर आहे का’ या प्रश्नाचं इतकं उघडं उत्तर दुसऱ्या कुठल्या सामन्यात मला सापडलेलं नाही.

जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना, स्टोक-ऑन-ट्रेंटमधला जॉलीज क्लब. एरिक ब्रिस्टो तेव्हाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. समोर कीथ डेलर, तेवीस वर्षांचा, पात्रता फेरीतून वर आलेला, वाटेत जॉन लो आणि जॉकी विल्सन या दोघांना हरवून. सेट ५-५. डेलरनं सामना संपवायच्या संधी आधी घालवलेल्या. आता त्याला हवेत १३८. ब्रिस्टोच्या हातात एक डार्ट, शिल्लक ५०. बुलही डबलच धरतात, म्हणून तो मारला की लेग त्याचा. त्यानं बुल मारला नाही. सिंगल १८ घेतला, ३२ ठेवले आणि बाजूला झाला. डेलर आला: ट्रेबल २०, ट्रेबल १८, डबल १२. सामना संपला.

ब्रिस्टोला गर्व नडला, असं सांगणारे पुष्कळ. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. समोरच्याला सामना जिंकायचा डार्ट मिळू शकतो, तुमच्या हातात एक डार्ट आहे, मग मारा ना बुल! पण हिशेब मांडा. बुलचा व्यास १२.७ मिलिमीटर, क्षेत्रफळ साधारण १२७ चौरस मिलिमीटर. एका डबलचं क्षेत्रफळ चारशेच्या पुढे. म्हणजे बुल डबलच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान. त्यात बुल हुकला तर काय उरेल ते आपल्या हातात नाही: बुलभोवतीच्या कड्याचे २५ लागले तर २५ उरतात, नाहीतर भोवतालचा कुठला तरी सिंगल लागून मिळेल तो आकडा.

समजा, चारात एकदा बुल लागतो. समजा, डेलर १३८ दहात एकदा मारतो. आणि समजा, परत आल्यावर ब्रिस्टो ३२ वर तीन डार्टात दहापैकी आठ वेळा संपवतो, वेड्यावाकड्या आकड्यावर सहा वेळा. हे आकडे मी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. शंभर वेळा १८ घेतला तर नव्वद वेळा डेलर चुकेल आणि त्यातल्या ७२ वेळा ब्रिस्टो लेग घेईल. शंभर वेळा बुलवर गेला तर २५ वेळा तिथेच संपेल, उरलेल्यातून आणखी चाळीसेक, म्हणजे ६५. ब्रिस्टो बरोबर ठरतो. बुल दहात चार वेळा बसत असेल, तरच दोन्ही पर्याय सारखे होतात.

एवढं मांडूनही माझं समाधान होत नाही. ब्रिस्टोचा बुल चारात एकदाचा होता की दहात चार वेळाचा, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? समोरचा माणूस त्या आठवड्यात जगातल्या वरच्या खेळाडूंना एकामागून एक हरवत आला होता. मग त्याचा १३८ दहात एकदाचा धरायचा की पाचात एकदाचा? पाचात एकदाचा धरला तर दोन्हींतलं अंतर जवळजवळ मिटतं. माझं जुनं मत चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. बरोबर होतं असंही नाही.

पुढे काय झालं ते मात्र पक्कं आहे. ब्रिस्टोनं १९८४, १९८५ आणि १९८६ अशी लागोपाठ तीन जागतिक विजेतेपदं घेतली. डेलर जागतिक अंतिम सामन्यात पुन्हा कधी पोचला नाही. त्या तीन डार्टांत जिंकलेला डेलर होता आणि व्यवसाय ब्रिस्टोचा मोठा झाला. कारण एका लेगचा निकाल तीन डार्टांवर लागतो, क्रमवारी हजारो लेगांवर लागते, आणि ३२ ठेवण्याची सवय त्या हजारांत परतावा देते. मुलगा एक अंतिम सामना हरला म्हणून त्याचं किट विकायला काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि तरीही ब्रिस्टोचीच गोष्ट शंका घेणाऱ्या तुमच्या बाजूनंही बोलते. १९८६ च्या सुमारास त्याचा हात डार्ट सोडेना. बोटं उघडत नाहीत, हात मागे येऊन अडकतो. याला डार्टायटिस म्हणतात. ‘मनाचे खेळ’ म्हणून तो हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. रोज हजार वेळा केलेली हालचाल शरीर अचानक नाकारतं आणि त्यावर हमखास उपाय नाही. कुणी पकड बदलतं, कुणी ताल बदलतं, कुणी काही काळ थांबतं. ब्रिस्टो त्यानंतर चार जागतिक अंतिम सामने खेळला आणि चारही हरला. त्यातला १९९० चा फिल टेलरविरुद्ध ६-१ असा. त्याच टेलरला उभं राहायला ब्रिस्टोनंच पैसे दिले होते. उलट नेथन अ‍ॅस्पिनॉलनं २०२३ मध्ये याच त्रासाबद्दल उघडपणे सांगितलं आणि त्याच वर्षी वर्ल्ड मॅचप्ले ही मोठी स्पर्धा जिंकली. म्हणजे सुटका होते. कुणाची होईल, ते आधी सांगता येत नाही. या धोक्यासह व्यवसाय निवडायचा असतो, आणि हे मी पालकांपासून लपवत नाही.

मग सुरुवात कुठून? ट्रेबल २० पासून नको. १८० (तिन्ही डार्ट ट्रेबल २० मध्ये) मारणारी मुलं पुष्कळ आहेत. माजी जगज्जेत्या बॉब अँडरसनच्या नावाचा ‘बॉब्ज २७’ हा सराव घ्या. २७ गुणांनी सुरू करायचं. डबल १ वर तीन डार्ट, लागेल त्या प्रत्येक डार्टचे २ मिळवायचे, तिन्ही चुकले तर २ वजा. मग डबल २, असं डबल २० पर्यंत आणि शेवटी बुल. बेरीज शून्याखाली गेली की खेळ संपला. पहिले पाचही डबल पूर्ण हुकले तर २७ चे उणे ३ होतात, तिथेच बाद. सगळे लागले तर १४३७. रोज एकदाच खेळायचा, हातात मिळेल तो पहिला आकडा वहीत लिहायचा, ‘आता हात बसला’ म्हणून पुन्हा खेळून चांगला आकडा लिहायचा नाही. कोणत्या डबलवर बाद झालो तेही शेजारी लिहायचं. बहुतेकांची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी नसते, आणि कोणता आकडा शिल्लक ठेवायचा ते या वहीतूनच ठरतं.

जोडीला १७० पासून खालचे शेवट (कोणता आकडा कोणत्या डार्टांनी संपवायचा) तोंडपाठ हवेत, आणि तीन डार्टांत न संपणारे सात आकडेही: १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२, १५९. मुलाला क्यू-स्कूलचा अर्ज भरायचा असेल तर सहा महिन्यांची ती वही घेऊन बसा. टूर कार्ड हुकलं तरी क्यू-स्कूलला उतरलेल्यांना चॅलेंज टूर (कार्ड नसलेल्यांची स्पर्धामालिका) खेळता येते, आणि २४ वर्षांपर्यंतच्यांसाठी डेव्हलपमेंट टूर आहे. नोकरी सोडायची की नाही, हे वहीतले आकडे वर सरकतायत की एकाच जागी थांबलेत ते पाहून बोलू.