पंपाचा दांडा काढायचा की नाही?

‘सूक्ष्मजीव आणि रोग’ हा धडा आठवीला शिकवायचा तर एका तासात उरकतो. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे मुलांना आधीच ठाऊक असतं. प्रश्न विचारला की उत्तर येतं आणि पान उलटतं. पण हे माणसाला कळलं कसं? कळण्याआधी शहाणीसुरती माणसंही भलतंच काही का मानत होती? हे त्या उत्तरात कुठेच नसतं. म्हणून यंदा मी जोडतास मागून घेतला, बाक भिंतीला सरकवले आणि वर्गाचं १८५४ सालातलं लंडन केलं.

सोहो भागातली ब्रॉड स्ट्रीट. ३१ ऑगस्टच्या रात्री तिथे कॉलऱ्याचा भडका उडाला आणि पुढच्या दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं गेली. साथ घाणेरड्या हवेतून, दुर्गंधीतून पसरते, असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर आणि अधिकारी मानत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरचा संशय मात्र रस्त्यावरच्या सार्वजनिक पंपावर होता. ७ सप्टेंबरला तो तिथल्या स्थानिक मंडळापुढे गेला आणि पंपाचा दांडा काढा म्हणाला. आमचं नाट्य याच बैठकीचं होतं.

नाट्य म्हटलं की पाठांतर, पोशाख आणि पुढे बसलेले पालक डोळ्यांसमोर येतात. वर्गातल्या सर्जनशील नाट्यात यातलं काहीच नसतं. संहिता नसते, प्रेक्षक नसतात, कुणाचा अभिनय चांगला झाला हे कुणी पाहत नाही. परिस्थिती ठरलेली असते. तिच्यात शिरून काय बोलायचं, काय ठरवायचं हे मुलांच्या हातात असतं. अमेरिकेत विनिफ्रेड वॉर्ड यांनी १९३०च्या सुमारास या पद्धतीची शिस्तशीर मांडणी केली. माझा ओढा मात्र इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांच्याकडे अधिक आहे. चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत विणकाम करणारी ही मुलगी पुढे जगभरच्या शिक्षकांची शिक्षक झाली. शिक्षकाने बाहेर उभं राहून सूचना देऊ नयेत, स्वतःही भूमिका घेऊन आत यावं, हा त्यांचा आग्रह. आणि ती भूमिका सर्वज्ञ माणसाची नसली तर फार बरं, असं माझं मत आहे. म्हणून मी झाले मंडळाची कारकून. वही घेऊन कोपऱ्यात बसायचं, मंडळी ठरवतील ते लिहायचं.

प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली होती. तिच्यात तुम्ही कोण, कुठे राहता आणि तुम्हाला काय माहीत आहे, एवढंच. नियम एकच : या खोलीत ‘जंतू’ हा शब्द कुणीही उच्चारायचा नाही. कॉलऱ्याचा जीवाणू रॉबर्ट कॉखने जगापुढे ठामपणे मांडायला अजून तीस वर्षं होती. तो शब्द एकदा सुटला असता तर वाद तिथेच संपला असता आणि विचार करायला काही उरलं नसतं.

सुरुवात स्थिरचित्राने केली. १ सप्टेंबरची सकाळ, रस्ता, सगळे जागच्या जागी गोठलेले. मी ज्याच्या खांद्याला हात लावीन त्याने मनातलं एक वाक्य बोलायचं. ‘शेजारच्यांचं दार अजून उघडलेलं नाही.’ ‘आई पाणी मागतेय, सारखं पाणीच मागतेय.’ हे दुसरं वाक्य आलं आणि वर्गातली कुजबुज थांबली. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी झपाट्याने जातं, तहान भागत नाही, हे आम्ही आदल्या दिवशी वाचलं होतं. ते इथे असं उगवेल असं मला वाटलं नव्हतं.

मग बैठक. नऊ सदस्य, समोर डॉक्टर स्नो, बाकीचे रस्त्यावरचे रहिवासी. स्नोची चिठ्ठी गेली होती ती विज्ञानात नेहमी पुढे असणाऱ्या मुलाकडे. तो आत्मविश्वासाने उभा राहिला आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडखळला.

‘पाण्यात नेमकं काय आहे, ते दाखवा.’

‘ते... दिसत नाही.’

‘भिंगाखाली पाहिलंत?’

‘पाहिलं. फारसं काही सापडलं नाही.’

चिठ्ठीत तसंच होतं, कारण खऱ्या स्नोलाही त्या पाण्यात खात्रीने बोट ठेवावं असं काही सापडलं नव्हतं. ‘सगळे डॉक्टर हवेमुळे म्हणतात, तुम्ही एकटे पाण्यामुळे म्हणता आणि दाखवायला तुमच्याकडे काही नाही,’ असं अध्यक्षीणबाईंनी शांतपणे सुनावलं. त्या मुलाला उत्तर माहीत होतं. त्या उत्तरापर्यंत नेणारी वाट त्याला माहीत नव्हती, आणि तो ती आमच्यासमोर शोधू लागला. मृतांची घरं नकाशावर कशी पंपाभोवती दाटली आहेत ते त्याने दाखवलं. लगेच दुसरी सदस्य म्हणाली, ‘मग त्याच रस्त्यावर घाण हवाही दाटली असेल.’ मुद्दा बिनतोड होता. मी तो वहीत उतरवून घेतला.

आणि मग रहिवाशांतून एक मुलगी उठली. चिठ्ठीप्रमाणे ती रस्त्यावर राहणारी विधवा, दोन मुलांची आई. आसपासच्या काही पंपांपेक्षा ब्रॉड स्ट्रीटचं पाणी लोकांना अधिक आवडायचं, त्यासाठी ते मुद्दाम लांबून तिथे येत, ही नोंद स्नोचीच आहे. तिच्या चिठ्ठीत ती होती. ती म्हणाली, ‘दुर्गंधीनं माणसं मरतात असं तुम्हीच सांगता. आमच्या पंपाच्या पाण्याला वास नाही. पलीकडच्या पंपाला येतो. माझी मुलं वाचावीत म्हणून तुम्ही मला वास येणाऱ्या पाण्याकडे पाठवणार?’

मतदान झालं. दांडा काढण्याच्या बाजूने दोन, विरुद्ध सात.

खऱ्या मंडळाने दुसऱ्या दिवशी दांडा काढला होता. माझ्या वर्गाने इतिहास उलटा फिरवला. दोघा-तिघांनी ‘बाई, आता?’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी कारकूनच राहिले. या पद्धतीचा प्राण इथे आहे असं मी मनापासून मानते : मुलांना निर्णय द्यायचा, तर तो खरा द्यायचा. निकाल मनासारखा लागला नाही म्हणून शिक्षकाने खडू हातात घेऊन ‘बरोबर उत्तर’ सांगितलं, की पुढच्या वेळी मुलं विचार करत नाहीत, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहतात. शिवाय त्या सात जणांनी हाती असलेल्या पुराव्यावर नेटका विचार केला होता. १८५४च्या माणसांना आपण मूर्ख समजतो. तासभर त्यांच्या खुर्चीत बसल्यावर तसं म्हणणं अवघड जातं.

‘ठराव नामंजूर, नोंद केली,’ मी म्हणाले. ‘मंडळाला आणखी काही माहिती हवी असल्यास उद्याच्या बैठकीपर्यंत मागवता येईल.’

याच क्षणासाठी तीन पाकिटं माझ्या वहीत होती. कुणी नेमका प्रश्न विचारला तरच उघडायची, नाहीतर तशीच परत न्यायची. पहिला प्रश्न यायला वेळ लागला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ‘त्याच रस्त्यावर राहून, तीच हवा घेऊन कुणी वाचलं आहे का?’ दोन पाकिटं उघडली. एकात रस्त्यावरचा मद्याचा कारखाना : सत्तरहून अधिक कामगार, कॉलऱ्याने मृत्यू एकही नाही, कामगारांना प्यायला मद्य मिळे आणि कारखान्याची विहीर वेगळी. दुसऱ्यात जवळचं निराधारगृह : ५३५ माणसं, मृत्यू फक्त ५, आणि तिथेही स्वतःची विहीर. मग स्नो झालेल्या मुलानेच उलटा प्रश्न टाकला : ‘लांब राहून, ही हवा न घेता कुणी मेलंय का?’ तिसरं पाकीट. हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई, कित्येक महिने ब्रॉड स्ट्रीटला फिरकलेली नव्हती. तिला इथलं पाणी आवडायचं म्हणून रोज बाटली भरून जायची. ती गेली, आणि तेच पाणी प्यायलेली तिची भाचीही गेली.

त्या मुलाचा आवाज चढला. ‘हवा इथेच राहिली. बाटली तिकडे गेली!’

नियंत्रित तुलना, चल घटक, हे शब्द मी त्या दिवशी वापरले नाहीत. पुढच्या आठवड्यात वापरले तेव्हा एकही व्याख्या द्यावी लागली नाही.

दुसऱ्या बैठकीत ठराव मंजूर झाला, पण विधवेची अट घालून : दांडा काढायच्या आधी घरोघरी पाणी कुठून येणार ते मंडळाने ठरवावं. ही अट माझ्या कुठल्याच चिठ्ठीत नव्हती.

नंतर सगळ्यांनी चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या, गोल करून बसलो आणि भूमिकेतून बाहेर आलो. हा भाग वेळ नाही म्हणून गाळणारे शिक्षक मी पाहिले आहेत. गाळला तर नुसता खेळ झाला. मी खरा इतिहास सांगितला. लोक घरं सोडून पळाल्याने दांडा निघण्याआधीच साथ ओसरू लागली होती, हे खुद्द स्नोने मान्य केलं होतं. ‘मग काढून उपयोग काय?’ असा गलका झाला. तेव्हा पाद्री हेन्री व्हाइटहेड यांचा तपास सांगितला. आधी त्यांचा स्नोवर विश्वास नव्हता. पण त्यांनीच पुढे शोधून काढलं की पंपाला लागून असलेल्या घरातल्या आजारी बाळाची दुपटी धुतलेलं पाणी तिथल्या मैलाकुंडीत पडत होतं आणि तिच्या ढासळलेल्या विटांमधून विहिरीत पाझरत होतं. त्या बाळाचे वडील आजारी पडले ८ सप्टेंबरला. म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला, त्याच दिवशी विहिरीत पुन्हा विष उतरायची तयारी झाली होती.

साथ सरल्यावर तो पंप पुन्हा सुरू झाला, हेही सांगितलं, आणि गृहपाठ म्हणून आपापल्या भूमिकेतून मंडळाला पत्र लिहायला लावलं. बहुतेकांनी आभार मानले किंवा राग काढला. विधवेच्या पत्रात तिसऱ्या बैठकीची मागणी होती : ‘दांडा परत बसवण्याआधी मैलाकुंडीच्या विटा बदलल्या का, ते आत उतरून कोणी पाहिलं आणि कोणत्या तारखेला, हे लेखी कळवावं. नुसतं पाणी स्वच्छ दिसतं असं उत्तर पाठवू नये.’ तिसरी बैठक येत्या शुक्रवारी आहे. या वेळी कारकून कोण होणार यावरून वर्गात वाद सुरू आहे, कारण मुलांनी मला मैलाकुंडी दुरुस्त करणाऱ्या गवंड्याची भूमिका दिली आहे आणि त्यांना मला प्रश्न विचारायचे आहेत.