शाळेच्या रस्त्यावरचा सायकल ट्रॅक: अंदाजपत्रकातून पैसे मिळवताना

पुण्यात सायकल ट्रॅकला मोठे पैसे वरून येतात. कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हा जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० आणि पालिकेचे ३० असा वाटा होता. सातारा रस्त्याच्या कडेचे सायकल ट्रॅक त्याच कामाचा भाग. पुढे केंद्राने २०२० मध्ये 'सायकल्स फॉर चेंज' स्पर्धा जाहीर केली आणि त्यातून पिंपरी-चिंचवड, नागपूर धरून ११ शहरांना प्रत्येकी १ कोटी रुपये मिळाले. असा निधी शहराने मागायचा असतो. तिथे तुमचं-आमचं पत्र चालत नाही.

आपल्याला मागता येतात ते नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकातले पैसे. पुणे महापालिकेत ही पद्धत २००६-०७ पासून आहे. एका कामाला ५ लाखांपर्यंत. रक्कम लहान वाटते, पण शाळेसमोरच्या एका तुकड्याला ती पुरू शकते, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. सातारा रस्त्याला मिळणाऱ्या आमच्या रस्त्यावरून शाळेतली मुलं सायकलने जातात, सकाळी कामाला निघालेल्या मावश्या जातात, रात्रपाळी संपवून वॉचमन परततात. या सगळ्यांना रिक्षा आणि टेम्पोच्या मधून वाट काढावी लागते, हे रोज बघवत नव्हतं.

पहिला अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेले. त्यात सातारा रस्त्याचाही भाग होता. कनिष्ठ अभियंत्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मॅडम, मोठा रस्ता पथ विभागाकडे. आमच्याकडे आतले रस्ते. आणि 'सुरक्षित ट्रॅक करावा' एवढ्यावर मी एस्टिमेट कसं करू? कुठून कुठपर्यंत, किती रुंद, मध्ये काय काय येतं, ते लिहून आणा." मला हा सल्ला फार मोलाचा वाटतो. अर्ज मंजूर होणं-न होणं बरंचसं इथेच ठरतं.

मग आम्ही शेजारच्या चार घरांतल्या बायका आणि कॉलेजची दोन मुलं टेप घेऊन रविवारी सकाळी रस्त्यावर उतरलो. रस्त्याची रुंदी, पावसाळी गटाराची झाकणं, विजेचा फीडर पिलर, दोन झाडं, सोसायट्यांची फाटकं, सगळं कागदावर मांडलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ११ या मानकात पूर्वीपासून ट्रॅकची रुंदी किमान २ मीटर धरलेली आहे. झाडांपाशी ती मिळत नव्हती, तिथे फुटपाथची कड थोडी सरकवायची असं नकाशावर दाखवलं. शाळा सुटताना किती सायकली जातात तेही मोजून जोडलं. शिवाय पालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केलेल्या सायकल आराखड्याचा उल्लेख केला: मुख्य रस्त्यावरच्या ट्रॅकपर्यंत मुलांना पोचवणारा हा दुवा आहे, असं स्पष्ट लिहिलं.

खरी अडचण दुकानदारांची होती, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोपऱ्यावरचे किराणावाले काका म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार? माझा माल कुठे उतरणार?" दुकानं एकाच बाजूला आहेत. म्हणून ट्रॅक समोरच्या, शाळेच्या भिंतीकडच्या बाजूला घ्यायचं ठरलं आणि काकांनी निवेदनावर सही केली. इतर दुकानदारांच्या सह्या त्यानंतर मिळाल्या. ही सही आधी घ्या. काम सुरू झाल्यावर आलेला विरोध मोडून काढणं कुणालाच जमत नाही.

एस्टिमेट आलं तेव्हा पूर्ण लांबीला काँक्रीटचा कर्ब, म्हणजे ट्रॅक वेगळा करणारी उंच कड, ५ लाखांत बसत नव्हता. नुसता पांढरा पट्टा मारा, असं एकाने सुचवलं. मी ठाम नकार दिला. पट्ट्यावर दुसऱ्या दिवशी चारचाकी उभी राहते, आणि मुलं पुन्हा रस्त्याच्या मध्यात येतात. शेवटी वळणावर आणि शाळेच्या फाटकापाशी कर्ब, उरलेल्या भागात बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे आखूड खांब, असं ठरलं. दोन बोलार्डांमधून मोटार शिरू नये, पण व्हीलचेअर जावी, एवढं अंतर ठेवायला सांगितलं. दुचाकी त्यातूनही घुसतात, त्याला अजून चांगला उपाय सापडलेला नाही.

प्रभाग समितीत काम निवडलं गेलं, मग अंदाजपत्रकाच्या पुस्तकात नाव दिसलं. इथे थांबू नका. नाव आलं म्हणजे काम झालं असं नाही. पुढे निविदा आणि वर्क ऑर्डर असते, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. आम्ही विचारत राहिलो. काम सुरू झाल्यावर दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, किती आहे हे लेखी घेतलं, त्यामुळे नंतर सैल झालेले बोलार्ड त्याने पुन्हा बसवून दिले.

ट्रॅक मुख्य चौकाच्या अलीकडे संपतो, आणि मुलांना सगळ्यात जास्त धोका तिथेच आहे. पुढच्या अर्जात तो तुकडा घातला आहे. त्यासाठी वाहतूक पोलिसांचा अभिप्राय लागेल, म्हणून तो फॉर्म भरायच्या आधीच मागितला आहे.