गोणीतला फुगलेला लॅपटॉप

मे महिन्यातली दुपार. कोथरूडच्या एका सोसायटीतून ई-कचरा भरलेला छोटा हत्ती भोसरीच्या शेडवर आला. गोण्या उतरवताना एकीतून नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला. हा वास आला की समजायचं, लिथियम सेलचं पाकीट कुठेतरी फाटलंय आणि इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधलं रासायनिक द्रव, बाहेर येतंय.

गोणी ओढली नाही. शेजारचे पुठ्ठ्याचे खोके हलवले, हातमोजे-गॉगल चढवून तोंड सोडलं. वर जुना यूपीएस, आतल्या 12 व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीसकट. त्याच्या वजनाखाली पातळ लॅपटॉप. टचपॅड वर उचललेला, तळाचं झाकण एका कडेला सुटलेलं.

पाकिटासारखे सेल जुने झाले, सतत चार्जरवर राहिले, तापले, की इलेक्ट्रोलाइट कुजून वायू होतो आणि सेल फुगतो. आत दोन ध्रुवांमध्ये जेमतेम 20 मायक्रॉनचा प्लास्टिकचा पडदा असतो. त्यावर असं वजन पडणं मला सगळ्यात भयंकर वाटतं. पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट, आणि एका सेलची उष्णता शेजारच्याला पेटवते. धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझते, पण सेल तापलेलाच राहतो आणि पुन्हा भडकतो. थंड करायला भरपूर पाणीच लागतं.

इन्फ्रारेड थर्मामीटरवर 38 अंश. वीस मिनिटांनी पुन्हा तेवढेच, म्हणजे सेल आणखी तापत नव्हते. मग लॅपटॉप न दाबता लोखंडी ट्रेमध्ये कोरड्या वाळूवर ठेवला, वरूनही वाळू टाकली आणि ट्रे बाहेर मोकळ्यावर नेला. झाकणबंद डब्यात ठेवायचा नाही, वायू कोंडून डबा फुटतो. मिठाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत काही जण अजून वापरतात. त्यात टोकं गंजून तुटतात आणि चार्ज आतच राहतो.

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून आधी कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने सोडवला, त्याला टेप लावली, आणि गोंद नायलॉनच्या दोऱ्याने करवतीसारखा कापला. चारपैकी दोन सेल फुगलेले. एकाच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा होता, म्हणजे घरीच कोणीतरी बॅटरी उचकटायला गेलं होतं. सेल वेगवेगळे वाळूत भरून नोंदणीकृत बॅटरी रिसायकलरकडे पाठवले.

उरलेल्या 11 गोण्या त्याच संध्याकाळी एकेक करून फरशीवर रिकाम्या केल्या. आणखी तीन मोबाइल निघाले. एकाची काच कडेने उचललेली.