बॅकअप का घ्यायचा, हे सांगेपर्यंत

हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. तक्रार जुनीच: लोक वाचत नाहीत. वाक्यं छोटी करा, शब्द सोपे वापरा, असं मला सांगण्यात आलं. तसं केलं. तरी ‘नवी आवृत्ती टाकण्याआधी बॅकअप घ्या’ ही पायरी लोक गाळतच होते. आता या वाक्यात न कळण्यासारखं काय आहे? पण ते का करायचं, हे पुस्तिकेत कुठेच नव्हतं.

मग लिहिलं: ‘नवी आवृत्ती तुमच्या जुन्या नोंदींची मांडणी बदलते. हे काम अर्ध्यावर थांबलं, तर नोंदी उघडणार नाहीत आणि बॅकअपशिवाय त्या परत मिळणार नाहीत. म्हणून आधी बॅकअप घ्या.’ मजकूर वाढला, पण चाचणीला बसवलेली माणसं आता तिथे थांबू लागली.

कारण आधी की सूचना आधी, यावर सहकाऱ्याशी बराच वाद झाला. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांचा १९७२चा प्रयोग मला आठवत होता. कपडे धुण्याचं वर्णन त्यांनी मुद्दाम मोघम शब्दांत लिहून लोकांना ऐकवलं. ज्यांना विषय आधी सांगितला, त्यांना मजकूर कळला आणि बराच लक्षातही राहिला. ज्यांना ऐकून झाल्यावर विषय सांगितला, त्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. कारण आधी लिहायचं ठरलं.

खरी मेहनत पुढे होती. प्रत्येक परिच्छेदाशेजारी मी लिहीत गेलो, ‘हे वाचलं नाही तर वाचणाऱ्याचं काय अडेल?’ काही ठिकाणी उत्तरच सापडेना. ते परिच्छेद काढून टाकले. काही ठिकाणी अडणार होतं ते आमचं, वाचणाऱ्याचं नव्हे. एका लांबलचक परिच्छेदाला तर तीन वेगवेगळी उत्तरं निघाली, आणि तो इतका गिचमिड का वाटत होता ते तेव्हा कळलं. त्याचे तीन तुकडे केले. भाषेला फारसा हात लावावा लागला नाही.

सगळीकडे कारणं डकवायची नाहीत, हेही पाळलं. ‘सेव्हचं बटण दाबा’ याला कसलं आलंय कारण!

हमीच्या अटींचं पान मात्र होतं तसंच राहिलं. ते कोणी वाचावं म्हणून आहे, असं विचारलं तर ‘वकिलांनी’ असं उत्तर आलं.