गोव्याच्या पावसात चालणारा ट्यूब अ‍ॅम्प: माझा अनुभव

बाहेरचं किट मागवू नका, हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे ज्याला ज्याला घरी गिटारचा, जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर (म्हणजेच ट्यूबवर) चालणारा ट्यूब अ‍ॅम्प बनवायचा असतो तो पहिल्यांदा अमेरिकन किटच बघत बसतो. किट वाईट नसतात. पण त्यातला ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, आणि स्टेपडाउन लावून व्होल्टेज जुळवलं तरी फ्रिक्वेन्सी ५० च राहते, त्यामुळे लोखंडी कोअरवर वीसेक टक्के जास्त चुंबकीय फ्लक्स चढतो आणि आधीच काटकसरीने बनवलेला ट्रान्सफॉर्मर तापत राहतो. वर कस्टम ड्युटी, वर कुरिअर. आणि एवढं करून आतला बोर्ड आपल्या जून-जुलैच्या हवेचा विचार करून बनवलेला नसतोच. मी फोंड्याजवळ राहतो. माझा अ‍ॅम्प इथे मिळालेल्या वस्तूंचा आहे, इथल्या माणसांनी हात लावलेला आहे आणि इथल्या पावसाने मला त्यात बदल करायला लावलेत.

ह्यात नवीन काही नाही. जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ मध्ये पहिला जेटीएम४५ गिटार अ‍ॅम्प बनला तेव्हा त्याच्या माणसांनी अमेरिकन फेंडर कंपनीचा बेसमन अ‍ॅम्प समोर ठेवूनच तो बनवला, पण अमेरिकन पार्ट महाग म्हणून तिथे मिळतील ते ट्रान्सफॉर्मर, तिथले सेलेशन स्पीकर, पुढे १२एवाय७ व्हॉल्व्हच्या जागी ईसीसी८३, काही काळाने केटी६६ व्हॉल्व्ह, असं करत गेले आणि कागदावर सर्किट जवळजवळ तेच असून आवाज स्वतःचा झाला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

मी सर्किट साधंच घेतलं. फेंडरचा ५० च्या दशकातला चॅम्प, ५एफ१ म्हणतात तो. पुढे सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७ (ह्यालाच ईसीसी८३ म्हणतात), मागे स्पीकर चालवायला एक ६व्ही६, एसीचं डीसी करायला रेक्टिफायर ५वाय३, संपलं. पाच वॉटच्या आसपास. घरात वाजवायला, रेकॉर्डिंगला भरपूर होतो, आणि दोन खोल्या पलीकडे आजी झोपली असेल तर पाच वॉटसुद्धा खूप असतात. फक्त ६व्ही६ च्या ऐवजी मी ईएल८४ लावला, कारण तो इकडे सापडतो. जुन्या फिलिप्स रेडिओंमध्ये ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि ईझेड८० अशी टीम असायची, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह आणि रेक्टिफायर दोन्ही एकाच रेडिओत मिळतात. व्हॉक्स एसी३० मध्ये हेच ईएल८४ चार असतात, त्यामुळे गिटारला हा व्हॉल्व्ह परका नाही. आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला घेतले, गोवा मुक्त झाला तेच वर्ष, आणि त्यांचे बीईएल छापाचे ईएल८४ अजून जुन्या रेडिओ रिपेअरवाल्यांच्या डब्यांत पडलेले दिसतात. माझा तसाच, खोक्यासकट मिळालेला. ईसीसी८३ मात्र नवीन विकत घेतला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चालू रेडिओ फोडू नका. ज्याच्यावर कोणीतरी एमिसोरा द गोवा (पोर्तुगीज काळातलं इथलं रेडिओ केंद्र) ऐकलं असेल तो रेडिओ एका व्हॉल्व्हसाठी मोडायचा नसतो. ज्याचं कॅबिनेट वाळवीने खाल्लंय, डायल गेलाय, आयएफच्या कॉइल तुटल्यात, असाच घ्या, भंगारवाल्याला सांगून ठेवलं की मिळतो. त्यातला पॉवर ट्रान्सफॉर्मर वापरायचा असेल तर आधी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, वाइंडिंग ते बॉडी आणि प्रायमरी ते सेकंडरी. किती पावसाळे त्याने माळ्यावर काढलेत कोणाला माहीत. माझा चांगला निघाला. कॅपॅसिटर मात्र एकही ठेवायचा नाही, कागदी असो की इलेक्ट्रोलिटिक, सगळे कचऱ्यात.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला. अर्धा आवाज इथेच ठरतो असं माझं ठाम मत आहे. रेडिओतला छोटासा असतो, बोलणं ऐकायला ठीक, गिटारच्या खालच्या ई तारेला (८२ हर्ट्झ) तो दमतो. म्हणून मी नवीन वाइंड करून घ्यायचं ठरवलं आणि कुळागरांचे (सुपारी-नारळाच्या बागांचे) पंप रिवाइंड करणाऱ्या एका काकांकडे गेलो. सगळं आयुष्य मोटारी आणि स्टॅबिलायझर वाइंड करण्यात गेलेला माणूस, पण गिटारचा अ‍ॅम्प म्हटल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझा कागद नीट वाचला. प्रायमरी (व्हॉल्व्हकडची) २५०० फेरे ३६ गेज, सेकंडरी (स्पीकरकडची) १०० फेरे २२ गेज. गणित असं की २५ चा रेशो, त्याचा वर्ग ६२५, गुणिले ८ ओहमचा स्पीकर, म्हणजे व्हॉल्व्हला ५००० ओहम दिसतात, आणि ईएल८४ ला २५० व्होल्टवर साधारण तेवढंच लागतं. शिवाय अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी अशी सँडविच करायची, नाहीतर वरचे सूर मरतात.

एवढं त्यांना लगेच पटलं. अडलं ते स्टॅम्पिंगवर, म्हणजे कोअरच्या ई आणि आय आकाराच्या लोखंडी पत्र्यांवर.

"काका, ई सगळे एकाच बाजूने घालायचे, आय सगळे दुसऱ्या बाजूने, मध्ये कागद."

"असं कोण घालतं रे? एक इकडून एक तिकडून घालायचे. हा ट्रान्सफॉर्मर गुरगुरत बसेल."

मी सांगितलं की ह्यात एकच व्हॉल्व्ह आहे, त्याचा पन्नासेक मिलिअ‍ॅम्पिअर डीसी सतत प्रायमरीतून जातो, उलट दिशेने त्याला तोडणारं कोणी नाही, गॅप नसेल तर कोअर त्या डीसीनेच भरून जाईल आणि गिटारच्या सिग्नलला जागाच उरणार नाही.

"म्हणजे ट्यूबलाइटच्या चोकसारखा गॅप. मग तसं सांग ना!"

आणि पुढे मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच इन्सुलेशनचा पातळ कागद काढला, मायक्रोमीटरने मोजला, ०.१ मिलिमीटर, ई आणि आयच्या मध्ये घातला, बोल्ट आवळले, आणि शेवटी वॉर्निशमध्ये बुडवून बल्बच्या उष्णतेवर सुकवला, पंपाच्या वाइंडिंगला करतात तसाच. गोव्यासाठी वॉर्निश सोडायचं नाही. घरी आणून सेकंडरीला ६.३ व्होल्ट एसी दिले, प्रायमरीवर १५७ च्या जवळ आले पाहिजेत, आले. (हे करताना प्रायमरीची टोकं उघडी ठेवून हात लावू नका, ते १५७ व्होल्ट चांगलेच लागतात.)

चॅसीला भोकं पाडायच्या आधी एक काम नक्की करा. पॉवर ट्रान्सफॉर्मर एकटाच मेन्सवर चालू करायचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन लावायचा, बाकी काहीच जोडायचं नाही, आणि हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर शेजारी ठेवून हळूहळू फिरवायचा. हम (हेडफोनमधली गुणगुण) कमी होत होत एका कोनात जवळजवळ नाहीशी होते, साधारण दोघांचे कोअर काटकोनात आले की. तिथे पेन्सिलने खूण करायची. नंतर कितीही फिल्टर लावले तरी ही चुंबकीय हम जात नाही.

चॅसी अ‍ॅल्युमिनियमची, फॅब्रिकेटरकडून वाकवून घेतली, नोव्हल (नऊ पिनांच्या) सॉकेटला २२ मिलिमीटरचं भोक लागतं. कॅबिनेट आमच्या मेस्ताने (सुताराने) फणसाच्या फळ्यांचं केलं, घरात पडलेल्या होत्या. जड झालंय, पण सुंदर दिसतं.

वायरिंगचं सगळं इथे लिहीत नाही, फक्त हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारा घट्ट पिळा मारून चॅसीच्या कोपऱ्यातून न्या, आणि हीटरच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर द्या. हम आलीच तर आधी कानाने ओळखा: जाड, खालच्या पट्टीतली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे हीटर किंवा ग्राउंड किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा, आणि थोडी वरची, करकरीत असेल तर १०० हर्ट्झ, म्हणजे फिल्टर कॅपॅसिटर कमी पडतोय.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड. आपल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतो, फिलामेंटचा ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब पेटून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीच वाजवायचा नाही, मोकळ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतके मोठे व्होल्टेज उठतात की इन्सुलेशन फुटतं. आणि आतलं व्होल्टेज माणूस मारतं, हे अगदी गंभीरपणे घ्या. प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटर भरलेले असतात, त्यावर २२० के (किलोओहम) चा ब्लीडर, म्हणजे त्यांना रिकामं करणारा रेझिस्टर, कायमचा लावा, तरीही मीटरने मोजूनच हात घाला, एक हात पाठीमागे, पायात चप्पल. थ्री-पिनची अर्थ चॅसीला बोल्ट आणि दातेरी वॉशरने पक्की. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंडी स्क्रूच्या जोडावर पांढरी भुकटी धरते आणि अर्थ कागदावरच राहते, म्हणून दर पावसाळ्यानंतर तो बोल्ट मी उघडून साफ करतो.

माझ्याकडे आकडे असे आले: ईएल८४ च्या कॅथोडच्या १५० ओहम रेझिस्टरवर ७.६ व्होल्ट, म्हणजे ५१ मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास, त्यातले पाचेक स्क्रीन ग्रिडचे वजा, प्लेटचे राहिले ४६. प्लेट ते कॅथोड २५० व्होल्ट. गुणाकार ११.५ वॉट. ह्या व्हॉल्व्हची मर्यादा १२. बरोबर बसलं.

उन्हाळाभर अ‍ॅम्प मस्त वाजला. मग जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्याभरात चरचर सुरू झाली, गिटार न लावताही, व्हॉल्व्ह बदलला तरी तीच. चालू केल्यावर तासाभराने कमी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. ह्या वागण्यावरूनच ओलाव्याचा संशय आला. बोर्ड हायलमचा होता, जुन्या रेडिओंत असतो तसा, आणि हायलम म्हणजे शेवटी रेझिनमध्ये दाबलेला कागद. मीटरचं काळं टोक चॅसीला आणि लाल टोक ईसीसी८३ च्या प्लेट रेझिस्टरपासून सेंटिमीटरभर लांब, नुसत्या कोऱ्या बोर्डवर टेकवलं. तिथे काहीच यायला नको. दोन-तीन व्होल्ट दिसत होते, आणि स्थिर नाही, हलणारे. म्हणजे बोर्डच करंट नेत होता, आणि तेच चुकार व्होल्ट पुढच्या ग्रिडवर जाऊन चरचरत होते. प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामे करून हेअर ड्रायरने बोर्ड तापवला, पुन्हा मोजलं, शून्य, आवाज साफ. फेंडरच्या जुन्या अ‍ॅम्पमधल्या काळ्या फायबर बोर्डांनाही हाच रोग होतो, आणि ते आपल्याएवढ्या दमट हवेत राहिलेलेही नसतात.

मग सगळं उतरवून ग्लास इपॉक्सीच्या शीटवर पितळी टॅग ठोकून नवीन बोर्ड केला. प्लेटचे आणि ग्रिडचे टॅग मुद्दाम लांब लांब ठेवले. सोल्डरिंग झाल्यावर सोल्डरचा चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने घासून काढला, कारण उरलेला फ्लक्स ओलावा धरतो, आणि वरून पीसीबी लॅकरचा पातळ हात दिला. सॉकेट सिरॅमिकचे. पुढच्या पावसात चवथीला घरात आरत्या चालू असताना मागच्या खोलीत अ‍ॅम्प तास न तास चालू होता, एकदाही चरचर नाही.

बोर्ड पक्का झाल्यावरच आवाजाच्या मागे लागलो. आठ इंची स्पीकर आणि फणसाचं जड खोकं मिळून खालचा आवाज घुमत होता, म्हणून पहिल्या स्टेजच्या कॅथोडचा २५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर काढून ०.६८ लावला, मार्शलच्या पुढच्या अ‍ॅम्पमध्ये असतो तो, आणि एकदम स्वच्छ झालं, कॉर्डमधल्या तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. कपलिंगचा (दोन स्टेजच्या मधला) ०.०२२ मात्र तसाच ठेवला, दोन्हीकडून बास कापला तर अ‍ॅम्प पिपाणीसारखा होतो. फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे नेणाऱ्या) २२ के रेझिस्टरला स्विच दिला. चालू असला की आवाज आवळलेला, नाटकाच्या मागच्या संगतीला बरा. बंद केला की गेन वाढतो, कडा खरखरीत होतात, आणि व्हॉल्यूम मध्यावर असतानाच गिटार गाते. इथे वाइंड केलेल्या ट्रान्सफॉर्मरला फेजची खूण नसते, त्यामुळे फीडबॅक जोडल्यावर अ‍ॅम्प किंचाळला तर बंद करून प्रायमरीची दोन टोकं आपसात बदलायची, बाकी काही नाही.

सध्या मडगावच्या एका मित्रासाठी दुसरा चालू आहे. तो तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) बँडमध्ये वाजवतो, त्याला पाच वॉट पुरत नाहीत, ड्रमसमोर निदान बारा-पंधरा हवेत, म्हणून दोन ईएल८४ पुश-पुल, म्हणजे आळीपाळीने ओढणारे. काकांना सांगून ठेवलंय की ह्या वेळी प्लेट ते प्लेट ८००० ओहम, मध्ये टॅप, आणि गॅप नको, ई-आय नेहमीसारखे एक इकडून एक तिकडून, कारण दोन व्हॉल्व्हचा डीसी उलट दिशांनी जाऊन एकमेकाला तोडतो. त्यांनी बॉबिन काढून ठेवलाय. मी सारखा करंट घेणारी ईएल८४ ची जोडी शोधतोय.