मैदानावरचे गाणे

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली की आमच्या शिक्षककक्षात एका विषयाला तोंड फुटते, तो म्हणजे यंदाच्या क्रीडा महोत्सवात लहान मुलांना कोणत्या गाण्यावर नाचवायचे. धावण्याच्या शर्यती, लंगडी, लिंबू-चमचा यांचे वेळापत्रक एका दुपारीत तयार होते. बालवाडीच्या आणि पहिली-दुसरीच्या नाचाचे गाणे मात्र डिसेंबर उजाडला तरी ठरत नाही.

मतांना तोटा नसतो. शाळा सुटताना फाटकाशी एखादी आई हमखास थांबवते आणि म्हणते, "बाई, ते आता सगळीकडं वाजतंय ते घ्या की. आमचं पोरगं घरात त्याच्यावरच नाचतंय." तिचे म्हणणे खोटे नसते. पण घरात टीव्हीसमोर एकटे नाचणारे मूल आपल्या मनाने सुरू करते, मनाने थांबते आणि मध्येच सोफ्यावर चढले तरी आजी कौतुकच करते. मैदानावर त्याच मुलाला फक्कीच्या रेषेवर उभे राहून, उन्हाने डोळे बारीक करून, शेजारच्या मुलाबरोबर हात वर न्यायचा असतो आणि त्याच्याबरोबरच खाली आणायचा असतो. त्यात गाजलेल्या चित्रपटगीतांची बांधणी अशी की ध्रुवपद संपल्यावर वाद्यांचा तुकडा कधी आठ आकड्यांचा येतो, कधी बाराचा, आणि कधी सगळा वाद्यमेळ अचानक गप्प होऊन नुसते कोणाचे तरी हसू ऐकू येते. मोठ्यांना ती गंमत वाटते. सहा वर्षांचे मूल अशा जागी जे काही करत असेल ते सोडून थेट बाईंच्या तोंडाकडे पाहू लागते. शब्दांच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न वेगळाच आहे, आणि पहिल्या रांगेत मुख्याध्यापकांशेजारी कोण पाहुणे बसणार आहेत हे कळले की तो आपोआप सुटतो.

म्हणून मी गाणे निवडताना आधी घड्याळ हातात घेते. पंधरा सेकंदांत किती ठोके पडले ते मोजून त्याला चारने गुणले की गाण्याची गती हाती येते. तेज चालीच्या संचलनात मिनिटाला साधारण १२० पावले पडतात. लहान मुलांचे पाय आखूड, पाऊल छोटे, त्यामुळे ती नुसती चालली तरी मोठ्यांपेक्षा भरभर पावले टाकतात, आणि म्हणूनच 'मुलांना जमेल असे' म्हणून निवडलेले संथ, भावपूर्ण गाणे त्यांना मुळीच जमत नाही. उचललेला पाय पुढच्या ठोक्यापर्यंत हवेत ठेवणे त्यांच्या तोलापलीकडचे असते. हातांचे गणित मात्र नेमके उलटे आहे. नाचात रिंग असेल तर ती दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची, तिच्यातून समोर बघायचे आणि पुन्हा कमरेशी आणायची, हे एका ठोक्यात होत नाही. घाई केली तर रिंग कानात अडकते. तेव्हा गाणे चपळ घ्यावे आणि पायांना प्रत्येक ठोका, हातांना एक सोडून एक, अशी वाटणी करावी. केरवा तालाच्या आठ मात्रा या हिशेबात चपखल बसतात. दादरा तालाच्या सहा मात्रांवर जागच्या जागी छान झुलता येते, पण रांगेने चालायला लागले की तीन-तीनच्या हिशेबात जोर एकदा डाव्या पायावर आणि एकदा उजव्यावर येतो, आणि बालवाडीचा मोठा गट त्या गोंधळातून पुन्हा वर येत नाही.

पावले मुलांना आकड्यांपेक्षा शब्दांनी लक्षात राहतात, हे एखाद्या सरावाला दुरून उभे राहून पाहिले तरी दिसते. बाई 'पाच-सहा-सात-आठ' म्हणत असतात आणि मुले ओठातल्या ओठात गाण्याची ओळ पुटपुटत असतात. ओळीत वारा आला की हात हलवायचे, बेडूक आला की उडी मारायची, एवढे त्यांना पुरते. त्यामुळे चार वेळा येणारे सोपे ध्रुवपद आणि अर्थ दिसेल असे शब्द असलेले बालगीत मला नेहमी अधिक विश्वासाचे वाटते. लांबी अडीच-तीन मिनिटांच्या आत असावी, कारण त्यानंतर मुले गर्दीत आपली आई शोधू लागतात. गाणे मोठे असेल तर कापावे, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कापावे. मधूनच तोडलेले गाणे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, मुलांच्या पायांना मात्र लगेच कळते.

खोलीत सुरेख वाटलेले गाणे मैदानावर गेले की निम्मे हरवते, आणि या गोष्टीकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. मोकळ्या जागेत आवाज परतवायला भिंती नसतात, त्यामुळे बासरीची हळुवार सुरुवात वाऱ्यावर जाते आणि मुलांच्या कानी पहिला ठोका पोहोचतो तेव्हा गाणे पुढे निघून गेलेले असते. सुरुवातीला आठ खणखणीत ठोके हवेतच. शिवाय आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो. तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मांडवाशेजारच्या स्पीकरपासून ५० मीटरवर उभ्या असलेल्या शेवटच्या रांगेला प्रत्येक ठोका जवळजवळ दीड दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, तेव्हा ही पोरे पाव ठोक्याहून जास्त मागे पडतात, आणि मांडवात बसलेली मंडळी म्हणतात, मागच्यांचा सराव कमी झाला. त्यांनी ऐकले तसेच ती बिचारी नाचत असतात. उपाय साधा आहे: रांगा खोल न लावता रुंद लावाव्यात आणि एक-दोन स्पीकर मैदानाच्या कडेने मुलांजवळ न्यावेत. हे साउंडवाल्याला सांगितले की तो आधी वायरची लांबी सांगतो, मग दर सांगतो. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये वरातीपासून जोतिबाच्या चांगभल्यापर्यंत सगळे एकाच यादीत असते, म्हणून आपल्या गाण्याच्या फाइलला नाव न देता 'शून्य-शून्य-एक' असा क्रमांक द्यावा, म्हणजे ते सर्वांत वर दिसते.

या सगळ्या कटकटींतून सुटायचा एक रस्ता कोल्हापुरात आपल्या दारात आहे, आणि तो म्हणजे लेझीम. लाकडी दांडा, साखळी, तिच्यातल्या लोखंडी चकत्या. ती हातात असली की ठेका दूरच्या स्पीकरमधून येण्याची वाट पाहावी लागत नाही, तो मुलाच्या स्वतःच्या हातात आणि शेजाऱ्याच्या हातात वाजतो. दुसरीच्या मुलांना हलकी, आखूड लेझीम द्यावी, एवढेच पथ्य. आणि सोबत गाणे नकोच. हलगी आणि घुमके ही चर्मवाद्ये बोलवावीत. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात ज्यांनी कुस्त्या पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की हलगीवाल्याचे डोळे पैलवानांवर असतात. पकड बसली, डाव रंगला की त्याची लय चढते, कुस्ती संथ झाली की तीही उतरते. ध्वनिमुद्रित गाण्याला डोळे नाहीत. एखाद्याचा फेटा डोळ्यांवर घसरला आणि तो वर सारण्यात त्याची दोन पावले गेली, तरी गाणे आपल्या गतीने पुढे जाते. हलगीवाला तोच तुकडा पुन्हा एकदा फिरवतो, पोरगे रांगेत मिसळते आणि मांडवात कोणाला काही कळतही नाही.

मागे सरावाला आलेल्या एका हलगीवाल्यांनी सुरू करण्यापूर्वी मुलांकडे एकदा नीट पाहून घेतले आणि मला म्हणाले, "बाई, पोरं दमली की नुसता हात वर करा, मी हलकं वाजवतो." एवढी समजूतदार गोष्ट मला आजवर कोणत्याही साउंडवाल्याने सांगितलेली नाही, अर्थात त्याचाही इलाज नसतो. अडचण एवढीच की लेझीम बालवाडीच्या हातात देता येत नाही. एक तरी चकती शेजारच्याच्या बोटावर बसतेच. त्यामुळे यंदा दुसरीसाठी हलगी ठरली आहे, मोठ्या गटासाठी बेडकाचे गाणे ठरले आहे, आणि छोट्या गटासाठी तीन गाणी निवडून ठेवली आहेत, ज्यांतले एक शनिवारपर्यंत मुख्याध्यापकांना कळवायचे आहे. फाटकातल्या आईचे गाणेही मी मोजून पाहिले. गती नेमकी हवी तशी आहे, फक्त मधले हसू कापावे लागेल.